दोन बोटांची फट

सीलंटला मराठीत चालता-बोलता शब्द नाही. नोकरीत असताना आमच्या एका वरिष्ठांनी फाईलवर ‘सांधाभरण’ असं लिहिलं होतं, पण तो शब्द फाईलबाहेर कधी आला नाही. गवंडी त्याला ‘मसाला’ म्हणायचे. दुकानदार सगळ्यालाच ‘सिलिकॉन’ म्हणतात, मग आत काहीही असो. घरमालक तर सरळ ‘ते रबरासारखं चिकट द्या हो’ म्हणून मोकळा होतो. समजूत सगळ्यांची एकच, की फट दिसली की बुजवायची आणि हाताला लागेल त्याने बुजवायची. या समजुतीशी मी सरकारी बांधकामातली उभी नोकरी भांडलो आणि हरलो.

सीलंट म्हणजे डिंक नव्हे. डिंकाने दोन वस्तू एक होतात. सीलंट जिथे लावायचं तिथे दोन वस्तू दोनच राहणार असतात. ऊन-पावसाने त्या आपापल्या परीने हलणार, हे आधी मान्य करायचं, आणि मग मधून पाणी, धूळ, मुंग्या आत येणार नाहीत अशी सोय करायची. म्हणून ते ताणलं गेलं पाहिजे आणि दबलंही पाहिजे. सिमेंटला यातलं काही जमत नाही, आणि आमच्या वऱ्हाडात तर हे जमल्याशिवाय चालतच नाही. इथली काळी माती उन्हाळ्यात आटते, शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर बांधलेल्या घराच्या कडा मे महिन्यात खाली बसतात आणि श्रावणात वर येतात. तेल्हारा, हिवरखेड, अकोला, जिथे बदली झाली तिथे मी हेच पाहिलं. उन्हाळ्यात भिंतीला तडा, पावसाळ्यात तडा गायब.

आणि आमचे लोक दुरुस्ती काढणार कधी? तर मे महिन्यात. पाऊस येण्याआधी घर नीट करून घ्यायचं म्हणून. म्हणजे फट वर्षातली सगळ्यात रुंद असते, नेमकं तेव्हा तिच्यात सिमेंट ठासायचं. मग पावसात जमीन फुगते, भिंती परत जवळ यायला बघतात, तर मध्ये हे सिमेंट आडवं. भिंत मग भलतीकडेच फाटते आणि घरमालक गवंड्याच्या नावाने खडे फोडतो. मी सांगायला गेलो की लोक म्हणायचे, साहेबांना काय, साहेब सरकारी क्वार्टरमध्ये राहतात.

आता मी माझ्याच घरात राहतो, अमरावतीत. घर जुळं आहे. ऑफिसातला एक मित्र आणि मी, दोघांनी मिळून प्लॉट घेतला आणि एकमेकांना लागून दोन घरं बांधली. दोन घरांच्या दोन भिंती, आणि त्यांच्यामध्ये दोन बोटांची फट मी मुद्दाम सोडायला लावली. मित्र लेखा शाखेतला होता. त्याच्या जिवावर आलं. “दोन बोटं जागा फुकट घालवतोस, लेका,” असं तो पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांसमोर म्हणायचा. पण फट राहिली, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तिच्यात थर्माकोल घातलं आणि वरून, गच्चीवर, डांबराचा भरणा केला.

आमच्या दोघांच्या बायकांनी मात्र नकाशात नसलेली एक गोष्ट करून घेतली. दोन्ही स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून होती. त्यांच्यामधल्या भिंतीत, भरलेली वाटी उभ्याने जाईल एवढी खिडकी. दोन्हीकडून लाकडी झडप. मी नको म्हणत होतो, कारण सांध्यावर भोक पाडणं मला पटत नव्हतं. माझं कोणी ऐकलं नाही. त्या खिडकीतून विरजण जायचं, कढीपत्ता यायचा, पाटोडीचा रस्सा झाला की दोन्हीकडे जेवण त्याच रश्शाचं व्हायचं. कूलरच्या घरघरीतही त्या दोघींचं बोलणं चालू असायचं. कशाबद्दल ते आम्हाला कधी कळलं नाही.

आधी मित्र गेला. पुढे काही वर्षांनी माझी बायको गेली. मुलं आधीच गेलेली, त्यांचा पुण्याला, माझा हैदराबादला. राहिलो एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला वहिनी, म्हणजे मित्राची बायको. खिडकी कोणी ठरवून बंद केली नाही. एक बाई एकटी, एक पुरुष एकटा, वाटी कोणत्या निमित्ताने द्यायची? कॉलनीत नजरा तीक्ष्ण असतात आणि वहिनी हिवरखेडच्या शेतकरी घरातल्या, डोक्यावरचा पदर अजून पक्का. दिसलो तर “भाऊजी, बरं हाय न?” एवढं त्या विचारायच्या. “बरं आहे” एवढं मी सांगायचो. झडपा दोन्हीकडून लागलेल्या राहिल्या.

पण झडप म्हणजे काय, पाव इंचाचं लाकूड. आणि तिच्यामागे ती फट. मधलं थर्माकोल मुंग्यांनी आणि उंदरांनी कधीच संपवलं होतं. पलीकडचे आवाज यायचे. शब्द कळत नसत, नुसते आवाज. सकाळी वहिनी खलबत्त्यात आलं-वेलदोडा कुटायच्या. दुपारच्या ठेच्याचा आवाज वेगळा, दबका आणि घाईचा. नळाखाली पातेलं ठेवल्याचा, खोकल्याचा, गजर बंद करताना काहीतरी खाली पाडल्याचा. उन्हाळ्यात फट रुंदावली की हे सगळं जवळ येई, पावसाळ्यात थोडं लांब जाई. मी चहा टाकायचो तो बत्त्याचा पहिला ठोका ऐकून. माझा रेडिओ सकाळी लागतो, आधी भक्तिगीतं आणि मग बातम्या. ऐकतो असं नाही, पण घरात दुसऱ्या माणसाचा आवाज हवा म्हणून लावतो.

मध्यंतरी आमच्याच कॉलनीतले एकटे राहणारे एक निवृत्त गृहस्थ घरातच वारले. गेट बंद, पंखा चालू. दुधाच्या पिशव्या गेटला तशाच लटकत राहिल्या, तेव्हा दूधवाल्याला शंका आली. दार फोडलं. मी तिथे उभा होतो. काय दिसलं ते लिहीत नाही. मरणाची भीती मला तितकीशी नाही, वय झालं आहे. पण असं पडून राहायचं, आणि बाहेरच्या रस्त्याने भाजीवाला ओरडत जायचा, मुलं शाळेत जायची, आणि कोणालाच काही माहीत नसायचं, याची मला भयंकर भीती वाटते. तेव्हापासून त्या बत्त्याचा आवाज माझ्यासाठी नुसता आवाज राहिला नाही. वहिनी उठल्या आहेत, म्हणजे ठीक आहे. आणि मला काही झालंच, तर रेडिओ लागणार नाही आणि कदाचित त्यांच्या लक्षात येईल. कदाचित. हे मी त्यांना कधी विचारलं नाही. कसं विचारणार?

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात गच्चीवरचं डांबर पार वाळून फुटलं. सांध्यातून उतरलेलं पाणी नेमकं त्या खिडकीत येऊ लागलं आणि दोन्ही स्वयंपाकघरांत ओघळ. चूक माझीच म्हणा, मीच दरवर्षी ‘यंदा करू’ म्हणत होतो. मी वहिनींना सांगितलं, दिवाळी होऊ द्या, मग नीट काम करून घेऊ. दिवाळीत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि काम राहिलं.

मे महिन्यात भाचीचं लग्न अकोल्याला. लग्न झालं तरी बहिणीने सोडलं नाही. अकोल्याच्या उन्हात बहिणीच्या घरी कूलरसमोर बसून मी आंबे खात होतो, आणि इकडे वहिनींचा मुलगा पुण्याहून आला होता. मुलगा चांगला आहे. आईची काळजी करतो. त्याने बघितलं, पाणी येतं, भिंत ओली होते, आई एकटी. गवंडी बोलावला. गच्चीपासून खालपर्यंत फट सिमेंटने ठासून घेतली, आणि पाणी त्या खिडकीतून येतं म्हणून आपल्या बाजूने खिडकीत विटा लावून वर गिलावा. एका दिवसात काम. मग पुण्याला परत.

मी घरी आलो ती सकाळ. चहाचं आधण ठेवलं आणि वाट बघत राहिलो. आवाज नाही. आधण उकळून आटलं. मी झडप उघडली, कितीतरी वर्षांनी उघडली, आणि समोर विटा, त्यांच्यामधून बाहेर आलेलं करडं सिमेंट. त्यावर गवंड्याचं एक बोट उमटलेलं होतं.

मी इतका चिडलो की तसाच पुण्याला फोन लावला. फट का असते, माती काय करते, मे महिन्यात सिमेंट का घालत नाहीत, सगळं सांगितलं. मुलगा शांतपणे ऐकत होता. म्हणाला, “काका, पण पाणी तर बंद होईल ना?” मी म्हटलं, “भिंत फुटेल.” तो म्हणाला, “फुटली तर बघू.” जे खरं म्हणायचं होतं ते मला म्हणता आलं नाही. तुझ्या आईचा बत्ता मला ऐकू येत नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. इतकी वर्षं मी एकटा राहत होतो, पण एकटा आहे हे मला त्या भिंतीने पहिल्यांदा सांगितलं. घरात फ्रिजचा आवाज येतो हे मला माहीतच नव्हतं. सकाळी मी उगाच फाटकाशी जाऊन उभा राहू लागलो. वहिनींच्या गेटला दुधाची पिशवी अडकवलेली असायची. ती आत गेली की मी आत जायचो. एकदा ऊन वर आलं तरी पिशवी तिथेच. मी कुंपणाशी जाऊन जोरजोरात खोकलो, फुलझाडांना पाणी घातलं, पाणी सांडलं, शेवटी पाईप त्यांच्या टिनाच्या पत्र्यावर धरला. वहिनी बाहेर आल्या. “पाऊस आला का हो?” म्हणाल्या. उपास होता म्हणून उशिरा उठल्या होत्या. मी म्हटलं, “पाईप सटकला,” आणि आत येऊन पलंगावर बसून राहिलो.

मग पावसाळा आला. त्या वर्षी जरा जोराचाच. पाणी खरंच आलं नाही. पोराचं म्हणणं खरं ठरतंय की काय असं वाटून मला रागही आला, हे कबूल करतो. पण माती तिच्या वेळेला फुगलीच. एका दुपारी वहिनींनी कुंपणावरून हाक मारली. “भाऊजी, येता का जरा? भिंत चिरून रायली.”

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. मित्र होता तेव्हा रोजचं येणं-जाणं होतं, आता ओट्यावरचे डबेसुद्धा वेगळे होते. खिडकी बुजवली होती तिच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघून थेट छतापर्यंत गेला होता. तसाच माझ्याकडेही होता, पण मी सांगितलं नव्हतं. मी तड्यात बोट घालून बघितलं आणि सुरू झालो. माती, सिमेंट, मे महिना. वहिनी पदर सावरत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “ते राहू द्या. मले एक सांगा. तुमचा रेडिओ बिघडला का?”

“नाही. का?”

“सकाऊन ऐकू नाही येऊन रायला. मले वाटलं, बिघडला असंन. मग वाटलं, तुमालेच त काही झालं नसंन. रोज फाटकाशी येऊन पायतो मी, तुमची दुधाची पिशवी उचलली का नाही ते.”

मी तड्यातून बोट काढून घेतलं. मग म्हटलं, “मी तुमची बघतो.”

“आँ?”

“पिशवी. मी तुमची बघतो. बत्ता ऐकू येत नाही म्हणून.”

वहिनी ओट्याला टेकल्या. म्हणाल्या, “पोरानं म्हटलं, पाणी बंद करतो. मी म्हटलं, कर बापा. मले काय मालूम, आवाजबी बंद होते.” मग त्यांनी चहा ठेवला. खलबत्ता पुढे ओढला, आलं कुटलं. इतक्या जवळून तो आवाज फार मोठा होता. आम्ही तोंड फिरवून चहा प्यायलो.

सिमेंट लगेच काढून घेतलं, भिंती मोकळ्या झाल्या. गच्चीवर तात्पुरता प्लास्टिकचा कागद टाकला. भरायला मात्र मी दिवाळी उलटून जाऊ दिली. तेव्हा जमीन धड फुगलेली नसते, धड आटलेली नसते, फट मधल्या मापाची असते. त्या वेळी भरलेलं सीलंट उन्हाळ्यात ताणलं जातं, पावसाळ्यात दबतं, आणि दोन्ही त्याला झेपतं. माणूस बोलावला, पण अख्खा वेळ मी खुर्ची टाकून गच्चीवर बसलो. फटीच्या दोन्ही कडा ब्रशने घासून घेतल्या. धूळ राहिली की चिकटत नाही. आत फोमची गोल दोरी दाबून बसवली. त्या दोरीशिवाय सीलंट मागेही चिकटतं आणि तीन बाजूंनी धरलं गेलं की ताण येताच फाटतं. त्याने फक्त दोन कडा धरायच्या, मागे मोकळं राहायचं. मग कडांना टेप लावून गनने ते करडं सीलंट एका ओळीत भरलं आणि साबणाच्या पाण्यात चमचा बुडवून वरून ओढून घेतलं. गच्ची झाली, पुढची भिंत, मागची भिंत. वहिनी खालून दोनदा विचारून गेल्या, “बसलं का?”

शेवटी माणूस स्वयंपाकघरात आला. विटा काढल्यामुळे खिडकी परत दिसत होती, आरपार माझा ओटा दिसत होता. त्याने विचारलं, “काकू, ही आतली फटबी भरून टाकू का? माल उरला आहे.”

मी तोंड उघडण्याआधी वहिनी म्हणाल्या, “ती राहू द्या, भाऊ. घरात कोणता पाऊस पडते?”

तो हिवाळा चांगला गेला. झडपा दोन्हीकडून लावलेल्याच होत्या, वाटी काही गेली नाही. पण सकाळी बत्ता ऐकू यायचा. मी रेडिओ थोडा मोठा लावू लागलो. एवढंच.

मार्चमध्ये वहिनी न्हाणीघरात घसरल्या. आवाज मला आला. मी शेजाऱ्यांना घेऊन धावलो, मागचं दार उघडून आत गेलो, डॉक्टर बोलावला. हाड मोडलं नव्हतं, पण मुलगा आला आणि या वेळी आईचं ‘इथंच राहतो’ त्याने ऐकलं नाही. त्याचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. मी वेळेवर गेलो म्हणून त्याने माझे पाय धरले, आणि मग आईचे कपडे बॅगेत भरले. गाडीत बसताना वहिनींनी काच खाली केली. “येतो, भाऊजी,” म्हणाल्या. घराची किल्ली माझ्याकडे दिली.

आता मे महिना आहे. सांधा मी परवाच गच्चीवर जाऊन बघितला. फट चांगली रुंदावली आहे, सीलंट ताणलं गेलं आहे, कुठेही सुटलेलं नाही. असं काम मी नोकरीत एकदाही करून घेऊ शकलो नव्हतो. खाली खिडकीला कान लावला तर पलीकडून काही येत नाही. एखाद्या वेळी कबुतर येतं. मला काही झालं तर कोणाला कळणार, हा हिशेब परत उघडा पडला आहे. सकाळी चहा टाकायचा तर ठोक्याची वाट बघत उभा राहतो आणि मग आठवतं.

काल सकाळी फोन वाजला. वहिनी होत्या. फोनवर त्या मोठ्याने बोलतात. तब्येत, गुडघा, नातू, झालं. मग म्हणाल्या, “अकराव्या मजल्यावर घर हाय पोराचं. खिडक्या अशा घट्ट, का बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. एसी लावते न सून, म्हणून रबर मारलं हाय चहूबाजूनं. शेजारी कोण रायते, तेबी मालूम नाही.”

“कामाला चांगलं असतं ते,” मी म्हटलं.

“भाऊजी, रेडिओ लावला का?”

“नाही. आज लावला नाही.”

“काहून?”

मी उठलो, रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. फोन रेडिओजवळ धरून उभा राहिलो. हात दुखायला लागला तरी धरून राहिलो. बातम्या संपल्या, हवामान झालं. फोन कानाला लावला, तर वहिनी होत्या. श्वास ऐकू येत होता.

“हं,” त्या म्हणाल्या. “ठेवतो आता. उद्या लावजा.”